वजीरच्या पोटाला पडलेला पीळ

"पोट नुसतं फुगलेलं नाही, फिरलंय," एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. "जीडीव्ही. गॅस्ट्रिक डायलेटेशन अँड व्हॉल्व्हुलस."

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. जठरात हवा साठते, ते फुगतं आणि स्वतःभोवतीच पीळ खातं. दोन्ही तोंडं आवळली जातात. हवा वर येत नाही, खाली सरकत नाही, रक्तही पोहोचत नाही. "सुई घालून थोडी हवा काढलीय. पण ऑपरेशन लगेच करावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही."

टेबलावर आमचा वजीर आडवा होता. सहा वर्षांचा ग्रेट डेन, उभा राहिला की माझ्या कमरेच्या वर येणारा. त्याचं डोकं माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, तळहातावर होतं. नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो. डाळज गावच्या घरात आम्ही तिघंच: तात्या, मी आणि वजीर. मी इंदापूरच्या शाळेत शिकवते. तो रविवार होता म्हणून मी घरी तरी होते.

सकाळी सातला वजीर नेहमीसारखा पोटभर जेवला. तात्यांनी त्याला पेरूच्या बागेत सोडलं, तो माकडांमागे दोन-तीन चकरा धावला. साडेआठच्या सुमारास मागच्या अंगणात आला आणि उलटीचे उमाळे काढू लागला. पण बाहेर काहीच पडेना, नुसती लाळ. बसायचा, उठायचा, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा.

"गॅस धरला आसंल. ओव्याचं पाणी दे," तात्या म्हणाले.

मी दिलं. तेही आत गेलं नाही. त्यात अर्धा तास गेला. तुमच्या घरी असं मोठं, खोल छातीचं कुत्रं असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा: उमाळे येतायत पण उलटी होत नाही, आणि पोट बोटानं टिचकी मारल्यावर डफासारखं वाजतंय, तर घरगुती उपाय करत बसू नका. आम्ही बसलो.

पेरूचे क्रेट न्यायच्या पिकअपमध्ये गोणपाट टाकून त्याला चढवलं. तात्या मागे, मी चालवायला. भिगवणवरून बारामतीच्या दवाखान्याकडे वळलो आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, समोरून तशीच रांग. ओव्हरटेक करायला जागा नाही, मागे फिरायला नाही. मागच्या काचेवर तात्या हातानं थापा मारत होते. मी हॉर्नवरून हात काढला नाही, पण पुढचा ट्रॅक्टर तरी कुठे जाणार होता? आरशात मला फक्त तात्यांचं पागोटं आणि वजीरचा वर आलेला पंजा दिसत होता.

एक्स-रे पाहून झाल्यावर मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. तात्या बाहेर नळावर तोंड धुवायला गेले, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवण कशात देता?"

"उंच स्टँडवर. फूटभर... त्याहून थोडा जास्तच."

तो स्टँड माझी हौस होती. मोबाइलवर एका व्हिडिओत पाहिलं होतं, की उंच कुत्रा वाकून जेवला तर हवा गिळतो. मीच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. 'कुत्रं खाली मान घालूनच खातंय की,' असं तात्या म्हणाले होते. मी हसले होते.

"यावर आमच्यात एकमत नाही," त्या म्हणाल्या. "काहींना उंचावर जेवणाऱ्यांत धोका जास्त दिसलाय, काहींना फरक दिसला नाही. मानेचं, अन्ननलिकेचं दुखणं नसेल तर मी जमिनीवरच द्या म्हणते. एकदम मोठं जेवण, भराभर खाणं, जेवून धावणं, हेही आहेच. एकाच गोष्टीवर बोट ठेवू नका."

मी मात्र ठेवलं.

दोन तासांनी त्या बाहेर आल्या. पीळ सोडवला होता. जठराजवळची प्लीहा काळी पडली होती, ती काढली. जठर काळसर होतं, पण रंग परत आला. मग गॅस्ट्रोपेक्सी केली, म्हणजे जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधलं, पुन्हा फिरू नये म्हणून. "पण तीन दिवस धोका आहे. अरिदमिया होऊ शकतो. हृदयाचे ठोके बेताल होतात."

त्याच संध्याकाळपासून ते बेताल झाले.

आम्ही बारामतीतच, जळोचीला नणंदेकडे राहिलो, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर. जाळीच्या पलीकडे वजीर, पायाला सलाईन, छातीला वायरी. आत जायचं नाही, कारण आम्ही जवळ गेलो की तो उठायला बघायचा. घरी जावंसं वाटेना, तिथं बसवेना.

"माझ्यामुळं झालं," तात्या म्हणत राहिले. "जेवल्या जेवल्या सोडला म्या. येवडं वय झालं, पर अक्कल न्हाय."

आणि मी गप्प. पहिला दिवस गप्प, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प. माझी चूक ते उचलत होते आणि मी उचलू देत होते. त्यांनी नणंदेनं दिलेला डबा उघडलाही नाही, तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना.

"तात्या, मी स्टँड केला तो चुकला असेल. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं. मी तुमच्यापासून लपवलं."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मला वाटलं, आता उठून जातील.

"व्हय का," ते म्हणाले. "मग निम्मं तू घे. मला एकट्याला उचलवंना झालं हाय."

मग डब्याचं झाकण काढून त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली.

तिसऱ्या दिवशी ठोके सुधारू लागले. पाचव्या दिवशी वजीर स्वतःच्या पायांनी पिकअपपर्यंत चालला. त्या डॉक्टरबाईंचे आणि रात्रंदिवस वायरी तपासणाऱ्या त्यांच्या माणसांचे उपकार मी शब्दांत कसे मांडू?

आता वजीर जमिनीवर जेवतो, दिवसातून तीनदा थोडं थोडं. स्टँड चूक होता की धावणं, की दोन्ही, की काहीच नाही, हे मला कधीच कळणार नाही. ते न कळता जगायला मी शिकतेय. जेवणानंतर तासभर त्याला हलू द्यायचं नाही, म्हणून मी आणि तात्या त्याच्या दोन बाजूंना ओट्यावर बसतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही दोघं कधी असे बसलो नव्हतो. परवा तासाच्या वर वेळ झाला होता, वजीर उठून कधीच निघून गेला होता, आणि तात्या मला गेलेल्या सासूबाईंबद्दल सांगत होते.