राहिलेला बस्ता

आमचं कपड्याचं दुकान सौंसरच्या बाजारात आहे आणि घर दुकानाच्या पाठीमागे. स्वयंपाकघर ओलांडलं की अंगण, अंगण ओलांडलं की दुकानाचं मागचं दार. लग्नसराईत त्या दारातून मी इतक्या वेळा चहाचा ट्रे नेला आहे की डोळे बांधले तरी नेईन. लग्नाची खरेदी म्हणजे बस्ता. त्यासाठी सगळं घर गाडी करून येतं. काकवांना रंग पसंत पडत नाही, वरमाईसाठी घेतलेली साडी नवरीच्या आईच्या साडीपेक्षा भारी दिसली की कुजबुज सुरू होते, आणि नवरीला कुणी विचारतच नाही. दिवस कलताना सगळं जमतं. मग मामाजी सारे कपडे मांजरपाटात बांधत, गाठीवर कुंकू लावत आणि वर सुपारी ठेवत. कुंकू लागलं की तो बस्ता लग्नघराचा. त्याची गाठ पुन्हा दुकानात उकलायची नाही, ही आमच्या दुकानाची रीत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात.

पुष्कळ लोक बांधलेला बस्ता दुकानातच ठेवून जात. घर रंगवायला काढलेलं असतं, उंदरांचा भरवसा नसतो, लग्न जवळ आलं की नेतो म्हणत. ते बस्ते गादीच्या उजव्या हाताला, भिंतीशी ओळीने मांडलेले असत. मामाजी अधूनमधून त्यांच्यावर हात ठेवून बसत, घरच्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. ऐन लग्नसराईच्या तोंडावर लॉकडाऊन लागला आणि ते सगळे बस्ते तसेच राहिले.

घरात आम्ही दोघंच. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेलेल्या. नवरा नागपुरात नोकरीला, शनिवारी यायचा. आता सौंसर आणि नागपूर यांच्या मध्ये दोन राज्यांची सीमा आली. एरवी ती सीमा आम्हाला फक्त रस्त्यावरच्या पाटीपुरती माहीत होती. आमची लेकी-सुनांची देवाणघेवाण, दवाखाना, बाजारहाट सगळं तिकडचं. पण त्या वेळी तिथे पोलीस उभे राहिले आणि नवरा पलीकडेच अडकला. मी शिकवते ती मोहगावची शाळा बंद. माहेर पांढुर्ण्याला, तेही जणू परदेशात गेलं.

सून आणि सासरा यांनी एका घरात गप्प किती वेळ बसावं, याला काही मर्यादा असते. आम्ही ती ओलांडली. "चहा ठेवू का?" "ठेव." "भाजी कोणती करू?" "कोनतीबी." याच्यापुढे आमची गाडी जाईना. मामाजी अबोल होते असं मात्र नाही. गिऱ्हाइकासमोर त्यांची जीभ थांबत नसे. कोणाच्या शेतात संत्र्याचा बहार कसा आहे, कोणाची सोयरीक कुठे अडली, सगळं त्यांना माहीत. बोलण्याचा सगळा साठा ते गादीवर संपवून येत आणि घरात मोकळ्या हाताने शिरत. आता गादीच बंद पडली.

सुरुवातीला ते टीव्हीसमोर बसत. मेलेल्यांचे आकडे ऐकत. मग टीव्हीही लावेनासे झाले. रोज दाढी करणारा माणूस, गालावर पांढरे खुंट वाढवून अंगणात बसून राहू लागला. पानात वाढलेली पोळी अर्धी उरायची. आणि दिवसातून कितीदा तरी एकच प्रश्न, "बस्ता न्यायले कोनाचा फोन आला का?" मी नाही म्हणायची. पुढे पुढे त्या नाहीचा मला राग येऊ लागला, आणि खरं सांगते, त्यांचाही.

एका दुपारी मी भांडी घासत होते आणि दुकानातून बोलण्याचा आवाज आला. मामाजींचा जुना, मोकळा, गादीवरचा आवाज. मला बरं वाटलं, कुणीतरी फोन केला असेल. मग माझी नजर ओट्यावर गेली. त्यांचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता.

मी मागच्या दारातून आत गेले. शटर बंद होतं, फटींतून आलेला उजेड बस्त्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. मामाजी गादीवर ताठ बसलेले. दाढी केलेली. पुढ्यात साडी उलगडलेली, पदर दाखवण्यासाठी हात लांब केलेला, आणि समोर पाण्याने भरलेला ग्लास.

"पाहा ना पाटील, रंग पाहा. पानी घ्या आधी, उन्हातून आले तुमी."

समोर कुणीही नव्हतं. मी घाबरले. आवाज न करता मागे फिरले आणि अंगणात येऊन पायरीवर बसले.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "टाइमपास करून राहिले असतील. दुकानाची आठवण येत असेल." लांब बसलेल्या माणसाला सगळं सोपं दिसतं. मी फोन ठेवून दिला.

ते रोजचं झालं. दुपारी मामाजी अंघोळ-दाढी करून दुकानात जात, पाटलांशी बोलत, संध्याकाळी परत येत आणि व्यवस्थित जेवत. वेड म्हणावं तर वेडानेच माणूस उभा होता. पाटील म्हणजे कोण हे मला कळलं होतं. रामाकोन्याच्या बाजूचे एक संत्रा-कापूसवाले शेतकरी, एकुलत्या एक मुलीचा बस्ता बांधून गेलेले. बस्त्याच्या दिवशी मी शाळेत होते, त्यामुळे मी त्यांना पाहिलंही नव्हतं. आता घरात त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाचं नाव निघत नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांचा ग्लास भरलेलाच परत यायचा. ते पाणी मोरीत ओतायला माझा हात होईना. मी ते अंगणातल्या मोगऱ्याला घालायची.

मग बाजार उघडला. तोंड बांधलेली माणसं येऊ लागली आणि एकेक बस्ता घेऊन जाऊ लागली. कुणाचं लग्न अंगणातल्या अंगणात आटपलं होतं, कुणाचं पुढे गेलं होतं. मला वाटलं, आता सगळं जागेवर येईल. नवराही परतला, नागपूरची नोकरी सोडून दुकानात बसू लागला. पण रामाकोन्याकडचा बस्ता राहिला. फोन लावला की नुसता वाजायचा, नंतर तोही बंद लागू लागला. खरं गिऱ्हाईक आलं की मामाजी मानेनेच नवऱ्याकडे पाठवत. दुपारी गर्दी ओसरली की शटर अर्धं पाडत, ग्लास भरत आणि म्हणत, "बसा पाटील."

पुढच्या उन्हाळ्यात आजार पुन्हा आला, आणि या वेळी आमच्या ओळखीच्या घरांतून माणसं जाऊ लागली. त्यातच कुणीतरी सांगत आलं की ते पाटील गेले. नवऱ्याने मामाजींना सरळ सांगून टाकलं. ते "हो का?" म्हणाले, आणि दुपारी ग्लास भरला.

तोपर्यंत मला त्या बोलण्याची सवय झाली होती. समोर नसलेला माणूस आपल्या गावात जिवंत आहे, शेतात फिरतो आहे, हे मनाला कुठेतरी ठाऊक होतं. आता तेच शब्द, तोच ग्लास, आणि माझ्या अंगावर काटा. मी दुकानात एकटी जाईनाशी झाले. मोगऱ्याला पाणी घालताना मान वळवून पाहू लागले. त्या वर्षी मोगरा असा फुलला होता, पण मी एक कळी तोडली नाही.

बाधा उतरते म्हणून नातलगांनी जामसावळीच्या मारुतीला न्या म्हटलं, नेलं. मामाजी मारुतीपुढे शहाण्या माणसासारखे हात जोडून उभे राहिले, प्रसाद घेतला, येताना रस्त्याकडेच्या कपाशीबद्दल बोलले. नागपूरच्या मनाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला सांगितलं की वाद घालू नका, पण त्या बोलण्यात सामीलही होऊ नका. नवऱ्याने त्यावर आपली अक्कल चालवली. डोळ्यांसमोर बस्ताच नसला तर पाटीलही येणार नाहीत, असा त्याचा हिशोब. मामाजी झोपलेले असताना त्याने बस्ता उचलून माळ्यावर टाकला.

दुकानदाराच्या पोराने ही चूक करायला नको होती. आमच्या दुकानात गादीशेजारचा बस्ता माळ्यावर जातो तो एकाच कारणाने, लग्न मोडलं तर.

मामाजींनी रिकामी जागा पाहिली. "पोरीचं लग्न मोडलं?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "माह्या दुकानात मोडलं." आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. नवऱ्याने पडल्या चेहऱ्याने बस्ता खाली आणला, त्यांना हाताला धरून दाखवला. त्यांनी गाठ चाचपून पाहिली आणि पुन्हा निजले. जेवण सुटलं. चमच्याने पेज भरवली तर ओठांच्या कडेने गळायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करावं लागेल. मला त्यांच्या हातांकडे पाहवत नव्हतं. तागा एका झटक्यात उलगडणारे हात चादरीवर वाळल्या शेंगांसारखे पडून होते. मला कळून चुकलं की हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार.

माझ्या शाळेतले एक मास्तर रामाकोन्याकडून येत. त्यांच्या हाती मी निरोप धाडला: बस्ता अजून जागेवर आहे, कृपा करून कुणीतरी या.

बाजाराच्या दिवशी, दुपारी, एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मोकळं कपाळ, पायात धुळीने माखलेल्या चपला. "आमचा बस्ता हाय जी इथं," ती म्हणाली. आत येऊन बसली आणि खालच्या मानेने सांगू लागली. लग्न लॉकडाऊनच्याच उन्हाळ्यात अंगणात उरकलं. पोरगी आईच्या लग्नातली साडी नेसून उभी राहिली. नंतर बस्ता नेऊ नेऊ म्हणता माणूसच गेला. "मंग कोन्या तोंडानं येऊ?"

मी धावत आत गेले आणि मामाजींना म्हणाले, "रामाकोन्याचा बस्ता न्यायला आले आहेत." ते उठून बसले. माझा हात धरून दुकानात आले, गादीवर टेकले, आणि सवयीने आधी ग्लास भरून समोर ठेवला. मग त्यांनी त्या बाईकडे पाहिलं.

"या, पाटलीनबाई. पाटील आताच उठून गेले."

नवरा माफी मागायला अर्धवट उठला. मी डोळे मिटून घेतले. नवरा मेलेल्या बाईला कुणी असं म्हणतं का?

त्या बाईने मान वर केली. चेहऱ्यावर ना राग, ना भीती. तिने हळूच विचारलं, "काय म्हनत होते?"

मामाजी म्हणाले, "पोरीची साडी हलकी नोको म्हनत होते. स्वतासाठी काही घेतच नव्हते. म्या म्हनलं, पाटील, पोरीचे बाप हा तुमी, एक धोतरजोडी तरी घ्या."

"हो जी. बस्त्याच्या दिवशीबी असंच झालं होतं. मी इथंच बसली होती." तिची नजर बस्त्याकडे गेली. "घेतली होती ना त्याइनं?"

"घेतली. बस्त्यातच हाय. सगळ्यात खाली."

तिने बस्ता पुढ्यात ओढला आणि तिथेच, दुकानात, गाठ सोडायला घेतली. मामाजींनी अडवलं नाही. शालू, दुपट्टे, टोप्या, व्याह्याचा कपडा सगळं बाजूला सारून तिने तळातली धोतरजोडी काढली, तोंडाशी धरली आणि मोठ्याने रडली. तिचा माणूस गेला तेव्हा कुणी तिच्या दारी बसायला येऊ शकलं नव्हतं. ते सगळं रडणं ती आमच्या दुकानात रडली. बाजारातले लोक पायरीशी थांबले. नवरा भिंतीकडे वळला. मीही रडले, न पाहिलेल्या पाटलांसाठी, आणि कशाकशासाठी ते मला सांगता येणार नाही.

मामाजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुढे वाकले आणि लहान मुलासारखं विचारलं, "गेले का वो पाटील?"

"गेले जी," ती म्हणाली.

मामाजींनी मान हलवली. मग पाटलांपुढचा तो ग्लास उचलून त्यांनी तिच्या हातात दिला. "पानी घ्या. उन्हातून आल्या तुमी." ती सगळं पाणी प्याली.

त्या संध्याकाळी मोगऱ्याला घालायला ग्लासात काही उरलं नव्हतं. मी माठातलं वेगळं पाणी घेतलं.

मामाजी आता बरे आहेत. गोळ्या चालू आहेत, दुपारी पुन्हा ग्लास भरला गेला नाही. बोलणं मात्र पूर्वीसारखं परतलं नाही, आणि भर उन्हाळ्यातही ते शटर खाली ओढू देत नाहीत. घाबरायचं काही कारण उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी चहा घेऊन दुकानात शिरले की माझी नजर आधी गादीपुढच्या जागेवर जाते. तिथे कुणी बसलेलं नसतं. मी पदर सावरते आणि त्या जागेला पाय लागू न देता कडेने जाते.