धाकट्याचा नांगर

वय वर्षं त्रेसष्ट, डोक्यावर मोजून चार केस, तरी सगळं गाव त्याला 'धाकटा'च म्हणायचं. थोरला भाऊ होता म्हणून हा धाकटा. दोघांचं मिळून लोखंडी गेटांचं आणि खिडक्यांच्या ग्रिलचं एक वर्कशॉप होतं आणि दोघांची मिळून एक वल्ह्यांची होडी. वर्कशॉपमध्ये थोरला माप घ्यायचा, धाकटा वेल्डिंग करायचा. होडीत थोरला वल्ह्यांवर आणि धाकटा मागच्या फळीवर गळ टाकून. पाण्याची ओढ असली की थोरला एक वल्हं हळूच मारायचा, वारा आला की दोन्ही, आणि होडी जागच्या जागी. चाळीस वर्षांत त्या होडीला नांगर कधी लागला नाही. कशाला लागेल? थोरला होता की.

मग थोरल्याचे गुडघे गेले. त्याची बायको आधीच गेलेली. लेक आली, दोन पिशव्या भरल्या आणि बापाला आपल्या शहरात घेऊन गेली. धाकट्याला ना बायको ना पोर. 'करू की लग्न, पळून चाललंय का,' म्हणता म्हणता ते पळून गेलं होतं.

धाकटा एकटाच होडी काढायला लागला. आता तो थोरल्याच्या जागी वल्ह्यांवर बसायचा. मागची फळी रिकामी राहिली की होडी तोल सोडायची, म्हणून तिथे, स्वतःच्या जुन्या जागेवर, त्याने वाळूचं पोतं ठेवलं. धक्क्यावरच्या बर्फवाल्याला तेवढं निमित्त पुरलं.

"काय धाकटे, हा नवा धाकटा का?"

"हो. सांगितलेलं ऐकतो तरी."

"बोलत नाही पण."

"तू बोलतोस तेवढं दोघांना पुरतं."

वल्ही मारणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं. त्यामुळे जाताना-येताना धाकटा त्या पोत्याकडे बघत राहायचा. पोतं काही त्याच्याकडे बघायचं नाही.

एका दुपारी गळाला मोठा मासा लागला. धाकट्याने वल्ही सोडून दोन्ही हातांनी दोरी धरली आणि तेवढ्यात ओहोटीने होडी उचलली. मान वर करतो तर खाडीच्या तोंडाचे खडक मागे पडलेले, पुढे नुसता समुद्र. एका मोठ्या होडीवाल्यांनी दोर टाकून त्याला ओढत आणलं. सगळा धक्का बघत होता. मासा सुटला तो सुटलाच.

दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या ऑफिसातल्या बाईंनी त्याला बोलावलं. बाई चाळिशीच्या, शिट्टी गळ्यात, आवाज शिट्टीच्या वरचढ.

"बसा काका. पाणी घेता?"

"पाणी काल पुष्कळ झालं."

बाई हसल्या नाहीत. "एकट्या माणसाला नांगराशिवाय होडी काढता येणार नाही. शुक्रवारी ओहोटी लागली की माझ्या डोळ्यांसमोर नांगर टाकायचा. तासभर होडी हलता कामा नये. हलली, तर होडी शेडमध्ये आणि शेडला कुलूप."

"तासभर? मॅडम, तास म्हणजे..."

"तुम्हाला खडकांबाहेर जायला पाव तास पुरला, काका. बाजारात तयार नांगर मिळतात."

"जन्म लोखंडात गेला माझा. नांगर विकत आणला तर लोक तोंडात शेण घालतील."

"मग करा घरी. पण धरला पाहिजे."

सकाळी थोरल्याचा फोन यायचा, तसा आला. धाकट्याने सगळं सांगितलं.

"मग हलू दे की होडी," थोरला म्हणाला. "टाक शेडमध्ये आणि ये इकडे. एक खोली रिकामी आहे. बिल्डिंगला लिफ्ट आहे."

"तिथे येऊन करू काय?"

"मी करतो ते."

"तू काय करतोस?"

"लिफ्टने खाली जातो. मग वर येतो."

म्हणजे शुक्रवारी काय ते ठरणार होतं. होडी जागची हलली नाही तर धाकटा इथे, हलली तर थोरल्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. होडी नसताना या गावात राहून तो करणार तरी काय होता? ग्रिलची कामं तर कधीच आटली होती. लोक हल्ली तयार घेतात.

त्याने वर्कशॉपचं शटर वर केलं. एका मोडक्या गेटाचा जाड पाइप कापून दांडा केला, पोटात जुने नटबोल्ट ठासून भरले आणि दोन्ही तोंडं बंद केली. जाड सळईचे चार आकडे वाकवले. त्यांच्या टोकांना पानाएवढी लोखंडी पाती जोडली, पाण्याखालच्या वाळूत रुतायला. आकडा दांड्याला जोडताना एकाने तो धरायचा आणि दुसऱ्याने वेल्डिंगचा टाका मारायचा, असं हे दोन माणसांचं काम. थोरला पकडीत धरायचा, तोंड फिरवायचा आणि म्हणायचा, "मार!" धाकट्याने आकडा शिकंज्यात आवळला, काच डोळ्यांपुढे धरली आणि वाट बघत राहिला. कुणी काही बोलेना.

"मार," तो स्वतःच म्हणाला, आणि टाका मारला.

चारही आकडे बसल्यावर त्याने ग्राइंडर फिरवला. सांधे असे साफ केले की नजर घसरावी. पात्यांच्या कडा घासून गोल केल्या, टोकं बोथट केली. फोनवर थोरल्याने नेहमीचं विचारलं, "हात फिरवलास?"

"फिरवला."

"लागतं कुठे?"

"कुठेच नाही."

"मग पास!"

नांगर गाडीवर घालून तो किनाऱ्यावर गेला. ओल्या वाळूत नांगर ठेवला, दोर खांद्यावर घेतला आणि बैलासारखा ओढला. नांगर आला की मागे! अगदी शहाण्यासारखा, वाळूवर दोन रेघा काढत. धाकट्याला वाटलं, वजन कमी पडतंय. परत जाऊन त्याने दांड्याला आणखी एक लोखंडी तुकडा जोडला, साफ केला, हात फिरवला, पुन्हा आला. नांगर पुन्हा मागे, रेघा जरा जाड, इतकंच. बर्फवाला काठावर उभा राहून बघत होता.

"फिरायला नेताय का त्याला?"

"तू बर्फ वितळायच्या आत जा बघू."

बर्फवाला गेला. धाकटा नांगराशेजारी वाळूत बसला. सवयीने त्याचा हात पात्यावरून फिरला. गुळगुळीत. दुसऱ्या पात्यावरून, तेही गुळगुळीत. आणि तिथेच त्याचा हात थांबला. चाळीस वर्षं त्यांच्या गेटाने कुणाच्या पोराला ओरखडा काढला नव्हता. हाताला लागलं तर काम अपुरं, हे दोघांचं शास्त्र. त्या शास्त्राने त्याने नांगर केला होता. जो नांगर हाताला लागत नाही, तो वाळूला काय लागणार, कपाळ?

तो एकटाच हसला. मग हसणं बंद झाल्यावर आजूबाजूला फारच शांत वाटलं. दादा असता तर ही गोष्ट वर्षभर पुरली असती.

वर्कशॉपमध्ये परत येऊन त्याने पात्यांना धार काढली. हात मुळी ऐकत नव्हता, पुन्हा पुन्हा कड बोथट करायला जायचा. शेवटी चारही पाती अशी झाली की तपासताना अंगठा कापला. गेटाला लावायच्या साखळीचा चार हात लांब तुकडा त्याने दांड्याच्या कडीला जोडला, म्हणजे साखळी तळाशी पडून राहील आणि दोर नांगराला वर न उचलता आडवा ओढेल. किनाऱ्यावर या वेळी नांगर हातभर आला, त्याने मान खाली घातली आणि तो असा रुतला की धाकटाच वाळूत आडवा झाला.

शुक्रवारी ओहोटी लागली तेव्हा बाई घड्याळ घेऊन धक्क्याच्या टोकाला उभ्या होत्या.

"काका, दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडा! कंजूषपणा नको!"

"सोडतो, सोडतो!"

नांगर गेला. दोर सरसर गेला, ढिला पडला, ताणला. होडीने एकदा मान हलवली आणि नाक ओढीकडे करून उभी राहिली. धाकट्याने बर्फाच्या कारखान्याची चिमणी आणि तिच्यामागची पाण्याची टाकी एका ओळीत धरली. टाकी चिमणीआडून डोकावली की समजायचं, होडी सरकली. पाव तास. अर्धा तास. पाणी होडीच्या दोन्ही अंगांनी खळखळत समुद्राकडे पळत होतं. टाकी काही डोकावली नाही. धाकट्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. त्याने ते मांडीखाली घातले.

शिट्टी झाली. "झाला तास! पास काका! या परत!"

धाकट्याने दोर ओढायला घेतला. होडी पुढे गेली, नांगर आला नाही. दोर कमरेला घेऊन ओढला, तोंडाने शिव्या देऊन ओढला. नांगर हलेना.

"काका, काय झालं? लाँच पाठवू का?"

"नको! तुम्ही जा आत! चहा घ्या!"

पहिल्याच दिवशी पुन्हा कुणी ओढत नेलं तर झालंच. त्याने खिशातून फोन काढला. थोरल्याने पहिल्या रिंगला उचलला.

"दादा, सुटत नाहीये."

"काय सुटत नाहीये?"

"नांगर. मी होडीत आहे."

"म्हणजे धरला?"

"पुरा तास."

थोरल्याच्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं.

"खाट आणून ठेवली होती रे," तो म्हणाला. "लेक म्हणत होती, आधी विचारा. मी म्हटलं, येईल तो."

"दादा..."

"नाही, चांगलं झालं. धरला ते चांगलंच झालं. ऐक. गेटाचा खांब जमिनीतून काढताना आडवा ओढायचो का आपण?"

"सरळ वर."

"मग नांगराच्या बरोबर डोक्यावर ये. दोर आखूड करून घट्ट बांध आणि बस. ओढू नकोस. लाट होडीला उचलेल, होडी त्याला उचलेल."

धाकट्याने तसं केलं. दोर सरळ खाली, ताठ. होडीचं नाक पाण्यात वाकलेलं. एक लाट आली, गेली. दुसरी आली, होडी कुरकुरली, गेली.

"आहेस का?" थोरल्याने विचारलं.

"आहे."

"बोलू नकोस, बोललास की लक्ष जातं. फोन नुसता चालू ठेव."

फोनमधून थोरल्याचा श्वास ऐकू येत होता, चढाचा रस्ता चालून आल्यासारखा. किती लाटा गेल्या ते धाकट्याने मोजलं नाही. मोजल्या असत्या तर संपल्या असत्या. मग एक लाट आली, होडीच्या बुडाखालून काहीतरी निसटल्यासारखं झालं, नाक वर उडालं आणि चिमणीच्या आडून पाण्याची टाकी हळूच बाहेर आली.

"सुटला?"

"सुटला दादा. होडी चालली. दोन्ही हात लागतील आता."

"मग ठेव की फोन."

"ठेवतो."

"ठेव."

त्याने फोन खिशात टाकला, वाळू-चिखलाने माखलेला नांगर दोन हातांनी वर घेतला आणि वल्ह्यांवर बसला.