राखणदारांची तिसरी जागा

काकांच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. दुखण्याचं कारण एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायचं आणि उरलेल्या वेळात काकांच्याच सॉफ्टवेअरचा कोड लिहायचं.

सॉफ्टवेअर काकांचं म्हणजे तसं कुणाचंच नव्हतं. छोट्या वाचनालयांनी फुकट वापरावं, कोड कुणीही उघडून वाचावा, सुधारून द्यावा, असा मामला. काका स्वतः एका वाचनालयाचे ग्रंथपाल. कोड त्यांना येत नव्हता, पण सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं चालवायचं, ही मार्गदर्शिका पान न् पान त्यांच्या हातची. अकरा वर्षं, बिनपगारी. त्यातलं ‘दोष सापडला तर’ हे पान तर त्यांना जिवापलीकडे. सुरक्षेत भोक दिसलं तर इंटरनेटवरच्या जाहीर फलकावर ओरडायचं नाही. तिघा राखणदारांना, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांना, गुपचूप मेल करायचा. दुरुस्ती सगळीकडे पोचेपर्यंत तोंड बंद. इतकं सोपं लिहिलं होतं की दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनीही ते पान उचललं.

तिघांतला एक राखणदार निवृत्त झाला, तेव्हा ती जागा आपलीच, असं काका धरून चालले होते. बायकोला सांगूनही टाकलं होतं. जागा मिळाली लॅबवालीला. येऊन दीड वर्ष झालेल्या पोरीला! वर नव्या आवृत्तीच्या टिपणात तिचे आभार, ‘एका महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्तीसाठी’. कसली दुरुस्ती, ते कुणी सांगेना.

"मस्का लावला असणार," काका जेवताना म्हणाले.

"तुम्हाला लावला असता तर चाललं असतं का?" बायको म्हणाली.

काकांनी ताक मागितलं.

तेव्हापासून काकांना एकच उद्योग. तिने काही नवं बनवलं की ते स्वतःच्या वाचनालयात बसवायचं आणि खोट काढायची. सापडायची नाही, मग आणखी जळफळाट. अशात तिने ‘परतीची आठवण’ बनवली. पुस्तक परत करायची वेळ झाली की वाचकाला संदेश जायचा, त्यातल्या दुव्यावर त्याचं स्वतःचं पान उघडायचं. एका मंगळवारी दुपारी काकांनी एका दुव्याच्या शेवटचा आकडा ४१७ चा ४१८ केला. दुसऱ्याच वाचकाचं नाव, पत्ता, फोन नंबर समोर आला. ४१९ केला. तिसऱ्याचा आला.

काकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोला, इतका आनंद त्यांना मुलीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

नियम तोंडपाठ होता. त्यांनी राखणदारांना मेल लिहायला घेतला, तिघांचे पत्ते घातले, आणि तिसरं नाव बघून अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिलाच कळवायचं, हिनेच गुपचूप निस्तरायचं आणि वर हिचेच आभार? काकांनी मेल पुसला. जाहीर फलकावर गेले आणि कोणता आकडा कसा बदलायचा, हे चित्रांसकट मांडलं. मांडलं मात्र नेहमीसारखंच, कुणालाही जमेल इतकं सोपं.

चार वाजेपर्यंत कुणीतरी तीन वाचनालयांतले आकडे एकापासून शेवटपर्यंत फिरवून सगळी माहिती उचलली होती. त्यांतलं एक काकांचं. एकोणीसशे वाचकांचे पत्ते गेले. समोर पेपर वाचत बसलेल्या आजोबांचाही त्यात होता. काकांना मान वर करवेना.

फलकावर लॅबवालीचं उत्तर आलं होतं: "काका, चूक माझीच. दुरुस्ती लगेच देते." चाळीस मिनिटांत दिलीही. एक शब्द वावगा नाही.

मग थोरल्यांचा फोन आला. सॉफ्टवेअर मुळात त्यांनी लिहिलेलं, पहिले राखणदार तेच.

"काका, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो. तुम्ही?"

"लोकांना कळायला नको का, कुणाला डोक्यावर बसवलंय ते?"

"एक जुना मेल पाठवतो. वाचा."

मेल लॅबवालीचा, आठ महिन्यांपूर्वीचा. मार्गदर्शिकेत काकांनी नमुन्यादाखल एक गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी अक्षरांची ओळ, छापली होती. लोकांनी स्वतःची बनवायची सोडून तीच जशीच्या तशी चिकटवली होती. एकशे बारा वाचनालयांची कुलपं त्या एकाच छापील किल्लीने उघडत होती. लॅबवालीने एकेकाला गाठून किल्ली बदलायला लावायचं काम अंगावर घेतलं होतं. शेवटी लिहिलं होतं: "टिपणात तपशील देऊ नका. कुणी शोधलं तर काकांचं नाव निघेल. मी हे काम त्यांचीच पानं वाचून शिकले."

ती नमुन्याची ओळ काढा, असं थोरल्यांनी मध्यंतरी सांगितलं होतं खरं. काकांनी कारणही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी फलकावर सगळं लिहिलं, आजचं आणि किल्लीचंही. वाचकांना एकेक फोन लावायला घेतला. घरी आल्यावर बायकोला काही न लपवता सांगितलं.

"म्हणजे पोरगी चांगली आहे," ती म्हणाली.

"चांगली आहे गं," काका म्हणाले. "तेच तर बघवत नाही."