पाकिटावरची मिरची

मंगळवारी सकाळी पावणेअकराला शैलाताईंच्या भावाचा फोन आला. त्या आंघोळीला गेल्या, तिथेच पडल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. अंत्यसंस्कार चार वाजता, एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला.

माझ्यासमोर स्क्रीनवर शैलाताईंनी काढलेली मिरची होती.

जालन्यात आमचे डिझाइनचे छोटे ऑफिस आहे. काम मुख्यतः बियाण्यांच्या पाकिटांचे. पाकिटावरचा मजकूर मी लिहितो, चित्र शैलाताई काढत. औरंगाबादला कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून त्या परत आल्या, तेव्हा इथे बायका दुकानांच्या पाट्या रंगवत नसत. त्यांनी आठ-नऊ वर्षे रंगवल्या, शिडीवर चढून. फ्लेक्स आले, पाट्या संपल्या आणि त्या पाकिटांकडे वळल्या. माझी चेष्टा करायचा त्यांना कंटाळा नव्हता. "एम.ए. मराठी, आणि चार ओळींना अख्खा दिवस. कादंबरी लिहिताय का मिरचीवर?"

हे पाकीट मिरचीच्या नव्या वाणाचे होते. बाजारात आणण्याआधी कंपनी एखाद्या शेतकऱ्याकडे वाण लावून बघते, त्याला ट्रायल प्लॉट म्हणतात. आमचा प्लॉट राजूरजवळ कडूबांच्या शेतात होता. नोव्हेंबरात शैलाताईंबरोबर मीही गेलो होतो. त्यांनी कडूबांना पाटीभर मिरची तोडायला लावली, बांधावर लांबीप्रमाणे ओळीत मांडली आणि बरोबर मधली उचलली.

कडूबांनी टोकाची लांब मिरची पुढे केली. "ही घ्या की ताई. चित्र झ्याक येईल."

"ती एकटीच आहे. बाकीच्यांनी कुठं जायचं?"

मग कागदावर मिरची आडवी ठेवून त्यांनी कडेकडेने पेन्सिल फिरवली. हे ट्रेसिंग. पाकिटावरचे प्रत्येक फळ त्या असेच खऱ्या मापाचे काढत.

"झोपवून कशाला काढता? झाडाला तर लटकती ती," कडूबा म्हणाले.

"झोपल्याशिवाय माप देत नाही."

कडूबा खूप हसले. परतताना मी शैलाताईंना विचारले, एवढा अट्टाहास कशासाठी? "लोक मोजतात हो," त्या म्हणाल्या. मला ते कलावंताचे बोलणे वाटले.

आता मंगळवार. कंपनीचे मार्केटिंग मॅनेजर सकाळपासूनच ऑफिसात बसून होते. फाइल दोन वाजेपर्यंत सिलिंडरला जायची होती. पाकिटे छापताना प्रत्येक रंगासाठी धातूचा एक सिलिंडर कोरतात. एकदा कोरला की त्यात बदल होत नाही. मिरची थोडी लांब करा, हे मॅनेजर पंधरा दिवस सांगत होते आणि शैलाताई पंधरा दिवस नाही म्हणत होत्या. आदल्या संध्याकाळी जाताना त्या मला म्हणाल्या होत्या, "सकाळी शेवटचं बघते, मगच पाठवा."

फोनवरचे ऐकून मॅनेजर उठून उभे राहिले. "बिलकुल विश्वास बसत नाही, सर," म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते, त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"सर, आता कोणाला विचारायचं? बाजूच्या पाकिटांवर बघा केवढ्या मिरच्या असतात. आपली दुकानात दिसायचीच नाही. थोडी ओढा ना."

फाइलमध्ये चित्र, मजकूर, रंग असे वेगवेगळे थर असतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे. त्यांना लेयर म्हणतात. मिरचीच्या लेयरला शैलाताईंनी नाव दिले होते, "ओढू नये". शेजारी कुलपाचे चिन्ह होते. ते एका क्लिकवर उघडते. मी ते उघडले आणि मिरचीचे टोक धरून ओढले. जेमतेम पाच सेकंद लागले.

मी नाही म्हणू शकलो असतो. त्या दिवशी मला काही ऐकू येत होते आणि काही येत नव्हते. चारच्या आत ते काम संपवायचे, एवढेच डोक्यात होते. प्रूफवर म्हणजे नमुन्याच्या प्रतीवर ओकेची सही लागते. शैलाताईंच्या जागी मी सही केली. फाइल गेली. मी स्मशानात वेळेवर पोहोचलो.

सप्टेंबरात कडूबांचा फोन आला.

"राम राम सर. ताईचा फोन लागून न्हाई राह्यला, म्हणून तुम्हाला लावला. मिरची कमी भरून राह्यली."

"म्हणजे?"

"पाकिटावर ठिवून पाह्यली ना. दोन बोटं कमी हाय. मंग वाटलं खताचं काही चुकलं, तर शेजाऱ्याचीबी तेवढीच. आमी रिकामं पाकीट काडीला लावून बांधावर ठिवतो, पहिल्या तोड्याला मिरची वर ठिवून पाह्यतो. ताईची पाकिटं बराबर उतरत्यात. ही तर माझ्याच रानात बसून काढल्ती त्यांनी. ताईला इचारा ना, कुठं चुकलं आमचं?"

"कडूबा, ताई गेल्या. मार्चमध्येच."

पलीकडून विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "तरीच."

चित्र मी ओढले, हे मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. "असू द्या सर," म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले असते तर बरे झाले असते.

मॅनेजरांना मी लगेच कळवले. "सर, सिलिंडर तर बनलेत," ते म्हणाले. "आणि पाकीट चांगलं चाललंय." पुढच्या हंगामातही तेच छापणार आहेत. फाइलमधले कुलूप माणूस जागेवर असेपर्यंतच कुलूप असते, हे मला पाच सेकंदांत कळायला हवे होते. सहा महिने लागले.

शैलाताईंचे ट्रेसिंग माझ्या खणात आहे. त्यावर मिरची नऊ सेंटिमीटर आहे. पाकिटावर साडेबारा आहे.