मोट रिकामी होईपर्यंत

केनवडहून निघताना मी आरशात तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा मला नटीच दिसली. आरशात होती ती माळ्याची सोळा वर्षांची यमुना, तोंडाला ज्वारीचं पीठ फासलेली. सिनेमातल्या बाया पावडर लावतात एवढं मी ऐकलं होतं. कसली, ते विचारायचं राहून गेलं.

वाशिमला सोनाबाई नावाची गाणारीण आली होती. पूर्वी तिनं सिनेमात कामं केलेली. तिच्यासमोर गायचं आणि तिनं मला सोबत न्यायचं, असा माझा बेत. वांगी विकायला वाशिमला निघालेल्या बाला (वडिलांना) मी आठ दिवस भंडावलं. शेवटी त्यानं तह केला.

"बाईनं हो म्हटलं त जाय. नाही म्हटलं त आलेल्या सोयरिकीले मुकाट्यानं मान हलवजो."

मी कबूल झाले. नाही म्हणायला बाईला काय वेड लागलं होतं?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. वर्णन करावं असं पुष्कळ होतं, पण मी त्या पांढऱ्या बोंडांना प्रेक्षक समजून गाडीतून मान तुकवत होते. दुपारी ओढ्याकाठी भाकर-ठेचा सोडला, तेव्हा आमच्या ढवळ्या बैलानं माझा डावा गाल चाटून साफ केला. उजवा मी तसाच जपला.

मालेगावात एका फुटाण्याच्या दुकानाच्या ओसरीवर मुक्काम केला. दुकानदार बाच्या ओळखीचा. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय वं पोरी, जात्यात पडली काय? आन् अर्धीच दळली?"

"नटी हून राह्यली ते," बा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाशिम. सोनाबाई धर्मशाळेच्या ओट्यावर केस वाळवत बसली होती. साधं लुगडं, पायात काही नाही. मला वाटलं, ही बाईची मोलकरीण. मी तिलाच म्हटलं, "बाईंना सांगा, केनवडची गायिका आली आहे." घरून पाठ करून आणलेलं शुद्ध वाक्य होतं ते.

"सांगितलं," ती म्हणाली. "बस."

बानं वांग्यांची टोपली पुढे ठेवली. ती वास घेऊन म्हणाली, "विहिरीच्या पाण्याची दिसतात. मी पण इकडचीच, धनजची. गा बघू."

मला एकच प्रकारचं गाणं येत होतं, मोटेवरचं. भाऊ नव्हता म्हणून मोट मीच हाकायची. एक ओळ म्हणत बैल धावेवरून (विहिरीच्या उतारावरून) खाली न्यायचे, मोट वर येऊन थारोळ्यात (दगडी कुंडात) रिकामी होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी ओळ म्हणत बैल मागे सारायचे. मी डोळे मिटून पहिली ओळ घेतली. आवाज लागला, असा की शेजारच्या ओट्यावरचा माणूस दात घासायचा थांबला. ओळ संपली आणि मी गप्प झाले.

बाई वाट बघत राहिली. बा मात्र निवांत होता.

"विसरलीस?"

"नाही. मोट रिकामी होऊन राह्यली."

बाई इतकी हसली की शहरी बोलणं गळून पडलं. "अवं माये! तबकडी तीन मिनिटाची रायते. त्यात तुया दोनच मोटा होतीन! थांबू नको, सलग म्हण."

मी तीनदा प्रयत्न केला. ओळ संपली की श्वासच थांबायचा, पावलं मागे सरकायची. तिसऱ्या खेपेला मी मागे सरत सरत ओट्यावरून खाली पडले, वांग्यांच्या टोपलीत.

या वेळी बाई हसली नाही. तिनं मला उठवून पदरानं माझा उजवा गाल पुसला.

"चित्र मुकं होतं तवर मी राणी होती. मंग ते बोलाले लागलं, आन् त्यायनं मले बोलताना आयकलं. म्हने, बाई, तुमचं बोलनं गावचं हाय. बोलनं बदलाले मले चार वर्सं लागले. तवर दुसऱ्या आल्या. तुयं त थांबनंच अंगात हाय, पोरी. घरी जाय."

 मालेगावच्या दुकानदाराला सारं सांगावं लागणार आणि तो ते गावोगाव पोचवणार, याचीच मला परतीच्या वाटेवर धास्ती होती.

"काय झालं मंग नटीचं?" त्यानं विचारलं.

बानं फुटाण्यांची मूठ तोंडात टाकली. सावकाश चावली. गिळेपर्यंत मी मेले.

"बाई त सोडतच नोती," तो म्हणाला. "हे पोरगीच म्हने, मी नाही येत. बैलायचं कसं होईन?"

आमच्या आधी ही बातमी केनवडला पोचली. सोयरिकीचे लोक आले तेव्हा मी ठरल्याप्रमाणे मान हलवली, पण ती सिनेमा नाकारलेल्या बाईची मान होती. सासरी आजवर तिचा मान राहिला. मीही कधी कुणाची समजूत मोडली नाही. उलट वर्षागणिक बाईच्या विनवण्या वाढवत नेल्या. मागच्या दिवाळीत नातींना सांगताना तर ती माझ्या पायाही पडली.

खरं काय ते बाला ठाऊक होतं, आणि ढवळ्याला. परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी धावेवर सलग म्हणून पाहिलं. ढवळ्या ठरल्या जागी थांबला, मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मागे पाणी पडत होतं. ते संपेपर्यंत मी थांबले.