अक्कांनी दाबलेलं बटण
तापलेल्या दिव्यांचा आणि फिल्टर कॉफीचा वास एकत्र आला की मला शिवाजीनगरातली ती खोली आठवते. वस्तीच्या छोट्या टीव्ही केंद्रासाठी आम्ही मित्रांनी मुक्त सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि त्याच्या माहितीपुस्तकाचं पहिलं प्रकरण कोणतं, यावर सेनापतींसारखे भांडत होतो. केंद्र ज्यांनी चालवायचं, त्या अक्का पिशवी उचलून म्हणाल्या, "मला सोडा बाबांनो, माझ्या हातून मोडेल हे." मी कमरेत वाकून म्हटलं, "कुठलंही बटण दाबा अक्का, मोडलं तर मिशी काढतो!" त्यांनी डोळे मिटून एक दाबलं. काहीच झालं नाही, म्हणून आम्ही पुन्हा भांडायला लागलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरी अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान इतके ओरडले की खोलीभर ऐकू आलं, "अगं, टीव्हीवर दिसतेयस तू! स्वल्प हस की, थोडंसं!" आमचं भांडण वस्तीभर थेट चाललं होतं! मी बंद करायला झेपावलो, तर अक्कांनी माझा हात धरला. "राहू दे रे, ते बघतायत." आणि पिशवी खाली ठेवून त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. पुस्तकाचं पहिलं प्रकरण मग थेट प्रक्षेपणाचंच झालं. केंद्र आजही अक्काच चालवतात, आणि बटण दाबण्याआधी त्या यजमानांसाठी पदर सावरतात तेव्हा मी नजर वळवून उगाच तारा तपासत बसतो.