वासंतीबाईंची हरकत

वासंतीबाईंचा सरकारवर विश्वास होता. का नसावा? केंद्राच्या मंत्रालयात फायली हलवण्यात उभा जन्म गेला, दिल्लीतच संसार झाला, यजमान गेले तरी वेळेवर पेन्शन येत होती. शेजारी विकास प्राधिकरणाच्या नावाने बोटं मोडू लागले की त्या म्हणत, "अहो, नियमाने विचारा, नियमाने उत्तर मिळतं." असा विश्वास सरकारी नोकरांच्या घरातच उरतो.

सोसायटीमागच्या मोकळ्या जागेवर नकाशात सरकारी शाळा होती. एका सकाळी तिथे पत्रे ठोकले गेले. शाळेऐवजी व्यापारी संकुल करण्याचा विकास प्राधिकरणाचा विचार होता. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, नागरिकांकडून हरकती मागवल्या होत्या. वासंतीबाई हरखल्या. मागवल्यात म्हटल्यावर द्यायलाच हव्यात.

संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. बाईंनी वाणाबरोबर हरकतीचा कागदही फिरवला. तिळगूळ खाता खाता बायकांनी सह्या केल्या. सोसायटीतल्या पद्मजानेही केली. तिचे यजमान उल्हासराव प्राधिकरणातच इंजिनिअर, पण परक्या मुलखात मराठी माणूस म्हणजे घरचाच, त्याच्यापासून काय लपवायचं? उलट पद्मजाच्या ओळखी फार म्हणून बाईंनी लेकीसाठी, अरुणासाठी, स्थळ बघायला सांगितलं. पीएचडी करते, दिल्लीतच मुनिरका भागात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन एकटी राहते, सगळं सांगितलं. मुलीच्या आईला स्थळापुढे दुसरं काही दिसत नाही, हेच खरं.

पुढच्या आठवड्यात बायका एकेक करून सह्या मागे घेऊ लागल्या. कारण कुणीच सांगेना. मग बाईंकडे एक गृहस्थ आला. स्वच्छ कपडे, मऊ आवाज. चहाची तारीफ केली, भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोला हात जोडले. कुठून आलो ते मात्र सांगितलं नाही. उठता उठता म्हणाला, "आंटीजी, मुनिरका की गलियाँ बड़ी तंग हैं। बिटिया तीसरी मंज़िल पर अकेली रहती है ना?"

तो जाताच बाईंनी दार लावून घेतलं. त्यांनी पद्मजाला फोन लावला. ती रडायलाच लागली. "मी यांना स्थळासाठीच सांगितलं होतं हो. यांनी ऑफिसात कुणाला तरी विचारलं." अरुणाला घरी ये म्हटलं तर ती हसली. "आई, तू पण ना यार! माझा सेमिनार आहे."

तरीही बाई हरकतींवरच्या सुनावणीला गेल्या. भीती वाटत होती, पण या वयात मागे फिरले तर उरलेलं आयुष्य आरशात कसं बघायचं, असं त्यांना वाटलं. प्राधिकरणाच्या चौथ्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. अधिकारी फार अदबीने बोलला. बाईंनी एकच विचारलं, जागा कुणाला द्यायची ठरली आहे? तो म्हणाला, ती माहिती खासगी आहे, देता येत नाही. आणि माझ्या मुलीचा पत्ता? तो खासगी नव्हता? अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

तेवढ्यात अरुणाचा फोन आला. "आई, तू गाडी पाठवलीस का? खाली एक माणूस उभा आहे. तू बोलावलंयस म्हणतो. त्याला आपलं घर माहितेय, बाबांचं नावसुद्धा."

"खाली उतरू नकोस," बाई म्हणाल्या. "कडी लाव."

त्यांनी वर पाहिलं. अधिकाऱ्याने टेबलावर एक कागद ठेवला होता. हरकत स्वखुशीने मागे घेत असल्याचा. त्यांचं नाव, पत्ता, आजची तारीख, सगळं आधीच टाईप केलेलं. बाईंनी सही केली. त्याने कागद उचलला, टेबलाखाली मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

त्या लिफ्टपाशी पोचल्या नव्हत्या तोच अरुणाचा पुन्हा फोन आला. गाडी निघून गेली होती.